पोट शिवताना

पोटाचं मोठं ऑपरेशन संपत आलं की थिएटरातला ताण एकदम उतरतो. गाठ निघालेली असते, आतडं जोडून झालेलं असतं, रक्तस्राव थांबलेला असतो. मुख्य सर्जन हातमोजे उतरवून नातेवाइकांशी बोलायला बाहेर जातो. भूलतज्ज्ञ पुढच्या रुग्णाचे कागद चाळू लागतो. उघडलेलं पोट शिवायचं काम बहुधा टीममधल्या सगळ्यात धाकट्या डॉक्टरकडे येतं, आणि तोही सकाळपासून उभा असतो. नातेवाइकांना बाहेर सांगितलं जातं, ‘ऑपरेशन झालं, आता फक्त टाके घालतायत.’

या ‘फक्त’नं सर्जरीचं बरंच नुकसान केलेलं आहे. वर्षभरानं तोच रुग्ण जुन्या व्रणाशेजारी फुगवटा घेऊन परत येईल की नाही, हे पुष्कळ अंशी याच अर्ध्या तासात ठरतं. रुग्ण स्थूल असेल तर जास्तच.

चिरेच्या जागी होणाऱ्या या हर्नियाला इन्सिजनल हर्निया म्हणतात. वरची कातडी नीट जुळून येते, व्रण सुबक दिसतो, पण खालचा मजबूत थर एका जागी उसवलेला असतो आणि त्या फटीतून पोटातली चरबी किंवा आतडं कातडीखाली डोकावू लागतं. खोकलं की फुगवटा दिसतो, आडवं झालं की जातो. पोटाच्या मध्यरेषेवर मोठी उभी चीर दिलेल्या रुग्णांपैकी साधारण दहातल्या एकापासून पाचातल्या एकापर्यंत हे घडतं. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या सर्जननी अशा ७७५ रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या वर्षाच्या शेवटी १२.६ टक्के रुग्णांना हर्निया झालेला होता आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी २२.४ टक्के. टाके काढायला आलेला रुग्ण ठणठणीत दिसला म्हणजे सगळं निभावलं, असं समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

झाला तर पुन्हा ऑपरेशन करून बुजवू, असं म्हणणं सोपं असतं. नेदरलँड्समधल्या सर्जननी २००० साली याचा हिशोब मांडला. नुसते टाके घालून दुरुस्त केलेल्या हर्नियांपैकी ४३ टक्के तीन वर्षांत परत उद्भवले. आधाराला कृत्रिम जाळी बसवून केलेल्यांपैकी २४ टक्के. त्याच रुग्णांचा दहा वर्षांनंतरचा हिशोब आणखी कडू निघाला: टाक्यांच्या गटात ६३ टक्के, जाळीच्या गटात ३२. म्हणजे पहिल्या वेळी पोट बिघडलं की ते पुन्हा पूर्वीसारखं करून देण्याची खात्री जगातला कुठलाही सर्जन देऊ शकत नाही. म्हणून दुरुस्तीपेक्षा मूळ शिवणीकडे लक्ष देणं जास्त फायद्याचं.

पोटाची पुढची भिंत पाहू. बेंबीच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत उतरणारे दोन उभे स्नायू असतात. त्यांच्या मधोमध लिनिया आल्बा नावाची पांढरी, चिवट पट्टी असते. दोन्ही कुशींतले तिरके आणि आडवे स्नायू ज्या पापुद्र्यांत संपतात, ते पापुद्रे या पट्टीत येऊन एकमेकांत विणले जातात. सर्जनला ही जागा आवडते, कारण इथे स्नायू कापावा लागत नाही, रक्त कमी जातं, काही मिनिटांत पोट उघडतं आणि वर-खाली हवं तेवढं वाढवता येतं. पण रक्त कमी जातं याचा अर्थ तिथे रक्तपुरवठाच कमी आहे, आणि भरून येणं त्यामुळे संथ. शिवाय दोन्ही बाजूंचे स्नायू आखडले की ही रेघ आडवी ताणली जाते. उभी चीर आणि आडवी ओढ! प्रत्येक ठसका त्या शिवणीच्या दोन कडा एकमेकींपासून दूर खेचतो. चिरलेला थर भरून यायला लागतो, पण पन्नासेक दिवसांनीही त्याला मूळ ताकदीच्या निम्म्याच्या आसपास बळ आलेलं असतं आणि पुढेही ते पूर्ण शंभर टक्के कधीच होत नाही. तोवर सगळा भार दोऱ्यावर.

आता यात लठ्ठपणा आला की काय होतं? पहिली गोष्ट दाबाची. अमेरिकेत शार्लट इथल्या सर्जननी २० निरोगी तरुणांच्या मूत्राशयात नळी घालून त्यांच्या पोटातला दाब निरनिराळ्या हालचालींत मोजला. रक्तदाब ज्या एककात मोजतो, त्याच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. आडवं पडल्यावर हा दाब दोनच्याही आत, उभं राहिल्यावर २०, खोकताना १०७ आणि उडी मारताना १७१! बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, जितका जास्त, तितका दाबही जास्त भरत होता. व्हर्जिनियातले सर्जन हार्वी शुगरमन यांनी अतिस्थूल रुग्णांत हेच मोजलं. त्यांचं एकक पाण्याचे सेंटिमीटर होतं. बारीक माणसांत सरासरी ७, अतिस्थूल रुग्णांत १८. माणूस शांत झोपलेला असतानाही पोट आतून ढकलत असतं, असा याचा अर्थ.

दुसरी गोष्ट भूमितीची. पोकळ गोलाच्या भिंतीवर पडणारा ताण आतल्या दाबाबरोबर वाढतो आणि त्रिज्येबरोबरही, हा लाप्लासचा नियम. स्थूल पोटात दाब जास्त आणि घेरही मोठा. दोन्हींचा गुणाकार शिवणीवर येतो.

तिसरी गोष्ट जखमेची. कातडीखालच्या जाड चरबीत रक्तवाहिन्या विरळ असतात, प्राणवायू कमी पोचतो, प्रतिजैविकही कमी पोचतं. तिथे पाणी साठतं, पू होतो. जखम पिकली की खालच्या थराचं जुळणं बिघडतं आणि हर्नियाची शक्यता मोठ्या फरकानं वाढते. सर्जनच्या हातालाही चरबी आड येते. खोल खड्ड्यात, रक्तात आणि चरबीत माखलेली ती पांढरी कड नेमकी कुठे आहे हेच दिसेनासं होतं. घाईत घातलेला टाका पांढऱ्या थराऐवजी चरबी आणि स्नायू गोळा करून घेतो.

शुगरमन यांनीच १९९६ साली एक तुलना प्रसिद्ध केली. वजन कमी करण्यासाठी जठराचं उघडं ऑपरेशन केलेले ९६८ रुग्ण एका बाजूला आणि मोठ्या आतड्याच्या दाहासाठी आतडं काढलेले १७१ रुग्ण दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या गटातले निम्म्याहून अधिक जण स्टिरॉइडवर होते, आणि स्टिरॉइड जखम भरू देत नाही हे वैद्यकाच्या पहिल्या धड्यांत असतं. प्रत्यक्षात हर्निया झाला स्टिरॉइडवाल्या गटात ४ टक्क्यांना आणि स्थूल गटात २० टक्क्यांना. ज्याची धास्ती घ्यायची तो शत्रू वेगळाच निघाला.

आपल्याकडे ‘स्थूल’ कुणाला म्हणायचं, हाही प्रश्न आहे. पाश्चात्त्य तक्त्यात बीएमआय ३० च्या पुढे स्थूलता सुरू होते; भारतीयांसाठी इथल्या तज्ज्ञांनी २००९ साली ती रेषा २५ वर आणली. त्यामागचं कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात फार नेमकं दिसतं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेलं, ही आपल्या घराघरांतली ठेवण आहे. हर्नियाच्या दृष्टीनं काट्यावरच्या किलोंपेक्षा पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी जास्त महत्त्वाची असते. त्यामुळे ‘माझं वजन तसं जास्त नाही’ म्हणणाऱ्या, पण पॅन्टचा पट्टा पोटाखाली बांधणाऱ्या गृहस्थांनी हे प्रकरण आपल्यासाठीच लिहिलंय असं समजावं.

मुळात या हर्नियाची सुरुवात कधी होते? स्कारबरो हे इंग्लंडमधलं समुद्रकाठचं गाव. तिथल्या पोलॉक आणि इव्हान्स या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात एक साधी युक्ती केली. पोट शिवताना फॅशियाच्या, म्हणजे त्या मजबूत थराच्या, दोन्ही कडांना त्यांनी बारीक धातूच्या क्लिपा लावून ठेवल्या. क्ष-किरणात क्लिपा दिसतात. महिनाभरानं फोटो काढून दोन्ही बाजूंच्या क्लिपांमधलं अंतर मोजायचं. ज्या रुग्णांत ते १२ मिलिमीटरच्या पुढे गेलं होतं, त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना पुढे हर्निया झाला. ज्यांच्यात गेलं नव्हतं, त्यांच्यात तो क्वचितच दिसला. रुग्णाला फुगवटा दोन-तीन वर्षांनी जाणवतो आणि मग तो आठवत बसतो की गेल्या दिवाळीत कपाट सरकवलं त्यानं झालं, की नातवाला कडेवर घेतलं त्यानं. खरं तर कडा पहिल्याच महिन्यात सुटलेल्या असतात. कपाटाचा आणि नातवाचा त्यात दोष नसतो.

कडा का सुटतात? बहुतेकांना वाटतं, दोरा तुटतो किंवा गाठ सुटते. इंग्लंडमधले सर्जन जेन्किन्स यांनी उकललेली पोटं पुन्हा उघडून पाहिली. दोरा बहुधा शाबूत होता, गाठीही शाबूत. दोऱ्यानं मांस कापलं होतं. वाण्याच्या दुकानात साबणाची वडी तारेनं कापतात, तसंच ताणलेला दोरा कडेला कापत पुढे सरकला होता. जेन्किन्स यांनी १९७६ साली याचा यांत्रिक विचार मांडला. ऑपरेशननंतर आतड्यांत वारा भरतो, पोट फुगतं, आणि उभ्या चिरेची लांबी ३० टक्क्यांपर्यंत वाढू शकते. २० सेंटिमीटरची जखम २६ ची होते. जखम लांबली पण दोरा तेवढाच राहिला, तर तो कडेत रुतणारच. म्हणून दोऱ्यात आधीपासूनच पुरेशी लांबी हवी. त्यांनी नियम घालून दिला: जखमेच्या लांबीच्या किमान चौपट दोरा शिवणीत गेला पाहिजे. २० सेंटिमीटरच्या चिरेला ८० सेंटिमीटर. यातलं मर्म असं की घट्ट आवळलेली शिवण कमी दोरा खाते. जे पक्कं वाटतं तेच धोक्याचं असतं. कडा एकमेकींना टेकाव्यात, एवढंच ओढायचं. गळा आवळायचा नाही.

चौपट दोरा दोन तऱ्हांनी घालता येतो. कडेपासून दूरवर मोठे मोठे टाके घालून, किंवा कडेजवळ बारीक टाके दाट घालून. जगभर पहिली तऱ्हा रूढ झाली: कडेपासून एक सेंटिमीटर आत, दोन टाक्यांत एक सेंटिमीटर अंतर. मोठा घास घेतला की टाका धरून राहील, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. स्वीडनमधल्या सुंड्सवाल या गावचे सर्जन लेइफ इस्राएल्सन यांना ते पटलं नाही. मोठ्या टाक्यात पांढऱ्या थराबरोबर चरबी आणि स्नायूही येतात. दोन दिवसांत ते मऊ ऊतक चेपतं, काही भाग रक्ताविना मरतो, टाका सैल पडतो आणि कडा सरकतात. मेलेल्या चरबीत जंतूही सुखानं वाढतात. त्यांनी उलट केलं. कडेपासून ५ ते ८ मिलिमीटरवर, फक्त पांढरा थर पकडणारा बारीक टाका, आणि पुढचा टाका ५ मिलिमीटरच्या आत. त्यांच्या रुग्णालयात ७३७ रुग्णांत दोन्ही तऱ्हा तपासल्या गेल्या आणि २००९ साली निकाल छापला गेला. मोठ्या टाक्यांच्या गटात १८ टक्क्यांना हर्निया, बारीक टाक्यांच्या गटात ५.६ टक्क्यांना. जखम पिकण्याचं प्रमाणही १०.२ वरून ५.२ वर आलं.

एका गावातल्या सर्जनची किमया म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण नेदरलँड्समधल्या दहा रुग्णालयांनी मिळून ५६० रुग्णांवर ‘स्टिच’ नावाची चाचणी केली. कोणाला कसे टाके घालायचे, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं गेलं, आणि पोट कसं शिवलंय हे रुग्णाला सांगितलं नाही. २०१५ च्या निकालानुसार वर्षभरात हर्निया झाला मोठ्या टाक्यांच्या गटात २१ टक्क्यांना आणि बारीक टाक्यांच्या गटात १३ टक्क्यांना. जखमांची सरासरी लांबी दोन्हीकडे सारखीच, २२ सेंटिमीटर. मोठ्या तऱ्हेत त्यासाठी सुमारे २५ टाके पडले, बारीक तऱ्हेत ४५. आणि वेळ? १० मिनिटांऐवजी १४. चार मिनिटांत रुग्णाचा धोका तिसऱ्या हिश्शानं उतरतो, असं आणखी कुठलं काम थिएटरात सापडेल, मला तरी सुचत नाही. यंत्र लागत नाही, महागडं औषध लागत नाही. दोन-शून्य नंबरचा बारीक दोरा, लहान सुई आणि हातात चार मिनिटं. दोरा मात्र सावकाश विरघळणारा हवा, कारण पांढऱ्या थराला ताकद यायला आठवडे लागतात आणि लवकर विरघळणारा दोरा त्याआधीच साथ सोडतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. ‘स्टिच’ चाचणीतले बहुतेक रुग्ण स्थूल नव्हते. बारीक टाक्यांचा फायदा अतिस्थूल पोटात नेमका किती, हे त्या आकड्यांवरून थेट काढता येत नाही. युरोपियन हर्निया सोसायटी मध्यरेषेच्या चिरेसाठी याच तऱ्हेची शिफारस करते, आणि तर्कही तिच्याच बाजूनं आहे: ज्याच्या टाक्यात चरबी येण्याची भीती सर्वांत जास्त, त्याच्यातच चरबी टाळणारा टाका जास्त हवा. तरीही स्थूल रुग्णात नुसत्या चांगल्या शिवणीवर भिस्त ठेवून भागेल का, ही शंका उरते.

तिथून जाळीचा विचार सुरू झाला. पॉलिप्रॉपिलीनची विणलेली जाळी हर्निया बुजवायला गेली कित्येक दशकं वापरतात. मग हर्निया होण्याआधीच, पहिल्या शिवणीच्या वेळीच ती आधाराला का बसवू नये? पोलंडमध्ये लठ्ठपणाच्या उघड्या ऑपरेशनांत हे करून पाहिलं गेलं आणि २००६ साली त्याचा निकाल आला. जाळी न बसवलेल्या ३८ जणांपैकी ८ जणांना हर्निया झाला. बसवलेल्या ३६ पैकी एकालाही नाही. पुढे ऑस्ट्रिया, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या ११ रुग्णालयांनी ‘प्रिमा’ ही मोठी चाचणी केली. त्यात ४८० रुग्ण होते, ज्यांच्या पोटातली महारोहिणी फुगलेली होती किंवा ज्यांचा बीएमआय २७ वा त्याहून जास्त होता. दोन वर्षांनी पाहिलं, तेव्हा नुसत्या टाक्यांच्या गटात ३० टक्क्यांना हर्निया होता, स्नायूंच्या मागे जाळी बसवलेल्यांत १८ टक्क्यांना, आणि फॅशियाच्या वर जाळी अंथरलेल्यांत १३ टक्क्यांना. वर अंथरलेल्या जाळीभोवती पाणी साठण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. ते बहुतेकदा आपोआप जिरतं किंवा सुईनं काढावं लागतं.

एवढा फरक असूनही आपल्याकडे ही जाळी सरसकट बसवत नाहीत, आणि त्याला नुसता आळस म्हणता येणार नाही. जाळी परकी वस्तू आहे. तिला जंतू चिकटले तर महिनोन्‌महिने पू येत राहतो. आतडं फुटून पोटात घाण पसरलेल्या रुग्णात ती बसवायला सर्जन कचरतात आणि ते समजण्यासारखं आहे. पुढे त्याच पोटात पुन्हा शिरायची वेळ आली तर जाळी कापून जावं लागतं. खर्चही आहे, आणि जो हर्निया अजून झालाच नाही त्यासाठीचं जाळीचं बिल विमा कंपनीला पटवून देणं सोपं नसतं. तरीही, ठरवून केलेलं, स्वच्छ, मध्यरेषेवरून उघडायचं ऑपरेशन आणि मोठ्या घेराचा रुग्ण, अशी जोडी असेल तर निदान चर्चा व्हायला हवी. माझं मत विचाराल तर जाळीपूर्वी बारीक टाका शिकवावा. तो सगळ्यांना लागू आहे आणि फुकट आहे.

मध्यरेषेवर चीर द्यायचीच नाही, हा तर सगळ्यांत सरळ मार्ग. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हेर्मान फानेनश्टील यांनी १९०० साली ओटीपोटावरची आडवी चीर प्रसिद्ध केली. आपल्याकडे सिझेरियन झालेल्या बहुतेक बायकांच्या पोटावर ती ‘बिकिनी लाइन’ म्हणून असते. तिच्यात हर्निया क्वचितच होतो. गर्भाशयाच्या ऑपरेशनासाठी बेंबीखाली उभी चीर दिलेल्या बायका मात्र काही वर्षांनी हर्निया घेऊन सर्जनकडे येताना दिसतात. दुर्बिणीच्या ऑपरेशननं लठ्ठपणाच्या सर्जरीतला हा प्रश्न बराच कमी केला. जठराच्या बायपासाच्या दुर्बिणीतून केलेल्या पहिल्या ऑपरेशनांचा अहवाल १९९४ सालचा. पण भोकं लहान म्हणून निर्धास्त राहू नये. दहा मिलिमीटरहून मोठ्या भोकाचा आतला थर शिवायला हवा, आणि चरबीच्या थरातून इतक्या खोल पोचून तो शिवणं कटकटीचं असतं, म्हणून कधी कधी राहून जातं. दुर्बिणीतून कापलेलं मोठं आतडं बाहेर काढायला बेंबीजवळची चीर वाढवण्यापेक्षा ओटीपोटावर आडवी चीर घेतली तर तिथला धोका पुष्कळ उतरतो.

ऑपरेशन तातडीचं नसेल तर आधीचे आठवडे रुग्णाच्या हातात असतात. सिगारेट-बिडी किमान चार आठवडे आधी बंद करावी. डेन्मार्कमध्ये स्वयंसेवकांच्या कातडीवर मुद्दाम लहान जखमा करून तपासलं, तेव्हा ओढणाऱ्यांच्या जखमा जास्त पिकल्या आणि चार आठवडे सोडणाऱ्यांत ते प्रमाण उतरलं. तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांत चिरेचा हर्निया सुमारे चौपट आढळला. हे अभ्यास धुराचे आहेत. पण मशेरी लावणारी बाई ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला नाही म्हणते आणि विषय तिथेच संपतो, म्हणून तंबाखूची कुठलीही सवय स्वतःहून सांगावी. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणावी. वजन कमी करायला वेळ असेल तर उत्तम, पण उपाशी राहून, प्रथिनं तोडून नव्हे. जखम प्रथिनांनीच भरते. भारतात २०२५ पासून टिर्झेपटाइड आणि वजनासाठीच्या मात्रेतलं सेमाग्लुटाइड मिळू लागलं. ही इंजेक्शनं जठर सावकाश रिकामं करतात, त्यामुळे भूल देताना उलटी छातीत जाण्याचा धोका असतो. ती घेत असाल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगा. ‘डाएटची सुई आहे, औषध थोडंच’ असं समजून लपवू नका. डॉक्टरांच्या बाजूनं पाहायचं तर प्रतिजैविकाची मात्रा वजनाप्रमाणे हवी. चीर देण्याआधी दिल्या जाणाऱ्या सेफाझोलिनची नेहमीची मात्रा २ ग्रॅम असते. १२० किलो वा त्याहून जास्त वजनाला ३ ग्रॅम.

ऑपरेशननंतरचे सल्ले आपल्याकडे भरपूर मिळतात आणि त्यातले निम्मे नुसते ऐकीव असतात. पट्ट्याचंच घ्या. पोटाला पट्टा बांधल्यानं दुखणं कमी होतं, उठताना धीर येतो, म्हणून बांधायला हरकत नाही. पण त्यानं हर्निया टळतो, याचा पुरावा नाही. सहा महिने पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, या फर्मानालाही फारसा आधार नाही. शार्लटच्या त्याच प्रयोगात टेबलावरून साडेचार किलोचं वजन उचलताना पोटातला दाब फारसा वाढला नव्हता. खोकला त्याच्या कितीतरी पुढे होता. म्हणून खोकल्याची काळजी आधी घ्यावी. दमा असेल तर ऑपरेशनपूर्वी त्यावर उपचार करावेत, श्वासाचे व्यायाम आधीच शिकून घ्यावेत, आणि खोकायचं झालं तर पोटावर उशी घट्ट धरून खोकावं. खोकला दाबून ठेवू नये. कफ साठला तर न्यूमोनिया होतो. पलंगावरून सरळ उठून न बसता कुशीवर वळून, हातावर भार देऊन उठावं. कुंथावं लागू नये म्हणून पोट साफ राहील असं पाहावं. चालणं मात्र थांबवू नये, ते हर्नियाला घाबरून घरात बसलेल्या स्थूल माणसाला जास्तच लागतं. पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास ड्रेसिंग अचानक गुलाबी पाण्यानं भिजलं, तर ते ‘थोडं पाणी आलं’ म्हणून सोडून देऊ नका. आतली शिवण उकलल्याची ती पहिली खूण असू शकते.

ऑपरेशनआधी सर्जनला प्रश्न विचारायला लोक लाजतात. पण तीन गोष्टी विचारता येतात आणि त्या विचारण्यात उद्धटपणा नाही: उभी चीर टाळता येईल का, पोट कोण शिवणार आहे, आणि बारीक टाक्यांची पद्धत वापरणार का. इस्राएल्सन यांचा आग्रह असे की उरलेला दोरा मोजून किती वापरला हे काढावं आणि जखमेच्या लांबीशी त्याचं गुणोत्तर ऑपरेशनच्या नोंदीत लिहावं. मोजपट्टी नर्सच्या टेबलावर ठेवली की पुरे. आपल्याकडच्या डिस्चार्ज कार्डवर साधारणपणे ‘पोट थरांनुसार शिवले’ एवढंच वाक्य येतं, आणि त्यावरून पुढच्या डॉक्टरला काहीच कळत नाही.

जाड पोटात हर्निया लपतो. चरबीखालची दोन बोटांची फट रुग्णाला दिसत नाही आणि डॉक्टरच्या हातालाही पुष्कळदा लागत नाही. म्हणून वर्षानं आणि पुन्हा दोन-तीन वर्षांनी तपासणीला जावं; आडवं झोपून डोकं उचलून दाखवावं, उभं राहून खोकून दाखवावं, शंका असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करावा. सापडलेला प्रत्येक हर्निया लगेच कापायचा नसतो. वजन उतरवून, तंबाखू सोडून, तयारीनं केलेली दुरुस्ती जास्त टिकते. पण आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ एके दिवशी आत जाईनाशी झाली, कडक झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेनासा झाला, तर आतडं फटीत आवळलं गेलंय असं धरून चालावं. तेल लावून चोळत, दाबून आत ढकलत घरी वेळ घालवू नये. तोंडानं काही न देता रुग्णाला त्याच तासात सर्जनकडे न्यावं.